हिरवी राहिलेली टाकी

"तुमच्याकडे खुनाचा तपास होतो ना?" दारातूनच त्या बाईने विचारलं, आणि अभिमनभाऊंच्या हातातली बशी कलंडली.

जळगावात नव्या पेठेत चष्म्याच्या दुकानाच्या वर सुलक्षणा नेहेते यांची खासगी तपासाची कचेरी होती. तिथे लग्नाआधीच्या चौकश्या येत, विम्याच्या भानगडी येत, फार तर एखादा पळालेला जावई येई. खून म्हणजे जरा जास्तच झालं. एसटीतून निवृत्त झाल्यापासून बाईंची गाडी चालवणारे आणि त्यांच्या मागे मागे हिंडणारे अभिमनभाऊ सदऱ्यावरचा चहा पुसत म्हणाले, "कोणाचा खून, ताई?"

"माझ्या तीन टाक्यांचा," ती म्हणाली आणि खुर्चीत बसून रडायला लागली.

भाऊंना काही उलगडा होईना. टाकीचा कसला आलाय खून! पण सुलक्षणाबाईंनी तिला पाणी दिलं, रडू दिलं आणि मग एकच शब्द म्हटला, "सांगा."

तिचं नाव सारिका. मेहरूणच्या पलीकडे, वस्ती संपते तिथे तिच्या नवऱ्याचा एक प्लॉट होता. नवरा अपघातात गेला. त्याने एक टाकी बांधून सुरू केलेली शेवाळाची शेती मग तिने वाढवली. स्पिरुलिना म्हणतात ते शेवाळ, टाकीत वाढवायचं, गाळायचं, वाळवायचं आणि भुकटी करायची. ती भुकटी घालून केलेली चिक्की आश्रमशाळेतल्या पोरांना देतात. या उद्योगात तिची भागीदार म्हणजे कॉलेजातली मैत्रीण खुशनुमा; पुढे काम शिरपूरला न्यायचा दोघींचा बेत होता. दिवाळी झाली, आणि चारपैकी तीन टाक्यांतलं हिरवंगार पाणी पिवळं पडलं, फेसाळलं, नासलं.

तिने पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एक हिरवीगार. दुसरीतलं पाणी अभिमनभाऊंना बघवेना.

"तपासून आणलं," ती म्हणाली. "पाण्यात तांबं निघालं. खूप. आणि माझ्या भिंतीला भिंत लागून फारुखचाचांचा मुलाम्याचा कारखाना आहे. स्टीलच्या भांड्यांना बुडाशी तांबं चढवतात, मोटारसायकलच्या भागांना निकेल. सगळे म्हणतात, त्यांचंच पाणी झिरपलं. उद्या सकाळी प्रदूषण मंडळाचे साहेब पाहणीला येणार. मी तक्रारीवर सही केली की कारखान्याला सील."

"मग अडचण काय आहे?" भाऊ म्हणाले.

"फारुखचाचा खुशनुमाचे वडील आहेत."

सुलक्षणाबाईंनी दोन्ही बाटल्या उजेडाकडे सरकवल्या.

"सही केली तर खुशनुमा गेली," सारिका म्हणाली. "नाही केली आणि तेच निघाले, तर माझ्यासारखी मूर्ख मीच. मला उद्यापर्यंत सांगा, ताई. नाव सांगा फक्त."

सुलक्षणाबाई पूर्वी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. त्यांनी अहवालाचा कागद चष्म्याजवळ धरला. "निकेल किती आहे यात?"

"नाहीच म्हणाले ते."

"हं," बाई म्हणाल्या. हा 'हं' भाऊंच्या ओळखीचा होता. तो आला की आज जेवायला उशीर होणार हे नक्की.

*

टाक्या म्हणजे भाऊंना वाटलं होतं गच्चीवरच्या काळ्या टाक्या. या तर सिमेंटच्या लांबरुंद, उथळ हौदांसारख्या, वर हिरवी जाळी ताणलेली. प्रत्येक टाकीवर एक आडवी दांडी, दांडीच्या मध्यावर चंदेरी रंगाचा लांब आकडा, थेट पाण्याला टेकणारा. त्याला दोरीने थर्मामीटर अडकवायचा.

फाटकापाशी एक धोतरवाले म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना बघून भाऊंचा चेहरा खुलला.

"अहो, झुलालआबा! तुम्ही इथे कसे?"

"काय अभिमनभाऊ, वळखलं ना! मनी सून शे ही, सारिका." आबांनी दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले.

यावल-जळगाव गाडीवर असताना भाऊंनी या माणसाची जागा कधी चुकवली नव्हती. ड्रायव्हरच्या केबिनमधली, अगदी शेजारची. थांब्यावर आबा दिसले की तिथे बसलेल्याला भाऊ खुशाल मागे पिटाळत. आबा यायचे ते केळी नाहीतर गरम भरिताचा डबा घेऊनच, आणि रस्ताभर लेकाचं कौतुक चालायचं. तो लेक गेल्याचं ऐकून भाऊ घरी जेवले नव्हते. आणि ही त्याची बायको! भाऊंना एकदम हे घरचंच प्रकरण वाटू लागलं.

"आबा नसते तर मी उभीच राहिले नसते," सारिका बाईंना सांगत होती. "सासरे नाहीत ते, बापच आहेत माझे. दर आठवड्याला गावाहून येतात. कमरेला इथली किल्ली बांधून फिरतात."

"तुम्हाला काय वाटतं, आबा?" बाईंनी विचारलं. "कोणी केलं असेल?"

आबांनी मान हलवली. "मी कोनंच नाव नई लेस. कोनी कये, कोनी नई, देव जाने. बठ्ठं सरी गयं." कोणाचं नाव घेणार नाही, सगळं संपलं, एवढंच सांगून ते सुनेकडे वळले, "चाल बेटा, घर चाल."

 असा सासरा मिळायला भाग्य लागतं, भाऊंना वाटलं.

सुलक्षणाबाई मात्र टाक्यांभोवती फिरत होत्या. वाचलेली चौथी टाकी सगळ्यात लहान. तिच्यात पाणी इतकं हिरवं की काळंच वाटावं. ती अगदी फारुखच्या भिंतीला चिकटून होती.

"हिच्यात बियाणं असतं," सारिका म्हणाली. "हिच्यातलं घेऊन बाकीच्यांत सोडायचं. ही पहिली, आमच्या यांनी बांधलेली. बाकी तीन नंतर मी बांधल्या, अगदी माल कालवून, गवंड्याच्या हाताखाली."

टाकीच्या काठावर सिमेंट ओलं असताना उमटलेला पंजा होता. बोटं लांब, अंगठा जरा वाकडा. जवळून जाताना आबांनी त्या पंज्यावर सहज हात फिरवला.

"मना पोऱ्याना हात शे," लेकाच्या आठवणीने ते भाऊंना हळूच म्हणाले.

"पाणी कुठून घेता?" बाईंचा आवाज आला.

"बोअरचं. चारही टाक्यांना एकच. उरलेलं बाहेर गुरांच्या हाळेत सोडतो."

बाई बाहेर जाऊन हाळ बघून आल्या. भाऊही गेले. दगडी हाळ आतून बाहेरून शेवाळाने बुळबुळीत झाली होती, एक म्हैस निवांत पाणी पीत होती. त्यात बघण्यासारखं काय आहे ते भाऊंना कळलं नाही. कारखान्याची नाली मात्र त्यांनी शोधून काढली. ती भिंतीच्या पलीकडून निघून दूर ओढ्याकडे उतरत होती आणि तिच्यात शेवाळाचा मागमूससुद्धा नव्हता.

"बाई, हे बघा! सापडलं! याच्या पाण्याने नालीतलं शेवाळही मेलंय."

"मेलंय खरं," बाई म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही अर्धं बरोबर बघता, हेच मला आवडतं."

हे कौतुक की काय, ते भाऊंना ठरवता येईना.

परत आल्यावर बाईंनी मेलेल्या टाकीच्या तळाला काठी फिरवली. मध्यावर, आकड्याच्या बरोबर खाली, निळसर गाळाचा एक थर उठला. कडेला नुसता पिवळा राडा. मग त्यांनी भाऊंना आकडा ओढून धरायला लावला. वाकाजवळचा चंदेरी रंग दोरी घासून उडाला होता आणि तिथे लोखंड लालसर चकाकत होतं.

"नवं तांबं लावलंय की हो याला," भाऊ म्हणाले.

"तिन्ही टाक्यांना लावलंय. चौथीचा बघा."

चौथीच्या आकड्याचाही रंग तिथेच उडाला होता. खाली साधा तपकिरी गंज.

*

फारुखभाईंच्या कारखान्यात आंबूस वास होता. बादल्या, पिंपं, तारांना टांगलेली भांडी. फारुखभाई स्टूल पुसून म्हणाले, "बसा. चहा सांगतो. झुलालभाऊ आला की याच स्टुलावर बसतो. टाक्या गेल्यापासून तर रोज येतो बिचारा. त्याच्या लेकाने माझ्या मांडीवर बसून पतंग बांधलेत, आणि आता लोक म्हणतात मी त्याच्या घरावर विष सोडलं."

"सोडलंत का?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अल्ला कसम, नाही."

"मुलामा दिल्यावर भांडी कुठे धुता?"

"ही काय टाकी. सगळं इथेच. तांबं असो, निकेल असो, शेवटची धुलाई इथे, मग नालीत."

"नालीत सोडायच्या आधी पाणी साफ करायला हवं, फारुखभाई."

त्यांनी मान खाली घातली. "खड्डा आहे. भरलाय. काढीन म्हणतो, राहून जातं."

"राहून जातं," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "ओढ्यालाही विचारा एकदा, त्याचं काय राहून जातं ते."

खुशनुमा दारात उभी होती. ती ताडकन म्हणाली, "अब्बूंची नालीची चूक आहे, मी रोज भांडते त्यांच्याशी. पण टाक्या माझ्यापण आहेत ना? मीच कशाला मारू, माझे अब्बू कशाला मारतील?"

"तुला शिरपूरला एकटीने धंदा करायचा होता, असं कोणी म्हटलं तर?"

"कोण म्हणतं? दोघींचं ठरलंय. तिथल्या आश्रमशाळा ताजा माल मागतात, म्हणून शेतीच तिकडे हलवायची. दसऱ्याला पक्कं झालं. सारिका होळीनंतर लेकीला, मेघाला, घेऊन जाणार, तिच्यासाठी शाळाही बघितली. आबांना सांगितलं तर त्यांनी पेढे वाटले. अब्बूंना पहिला पेढा त्यांनीच भरवला." तिचा आवाज फुटला. "टाक्या नासल्या त्या आठवड्यात आम्ही तिघी शिरपूरलाच होतो, दोन दिवस, जागा बघायला. परत आलो आणि हे."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"समाधान. आमचा कामगार."

समाधान वाळवणाच्या शेडमध्ये जाळ्या झाडत होता. अभिमनभाऊंना तो पहिल्यापासून आवडला नाही. प्रश्न विचारला की आधी कान खाजवायचा.

"तू दोन्ही दिवस इथेच होतास?" बाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे दुपारी मागे शेडमध्ये. वाळवण होतं."

"शेडमधून टाक्या दिसतात?"

"नाही."

"कोणी आलं होतं?"

"बाहेरचं चिटपाखरूही फिरकलं नाही, मॅडम. शपथ."

"शिरपूरला शेती गेली तर तुझं काय?"

त्याने पुन्हा कान खाजवला. "माझं काय... मी इथलाच. काम जाईल."

बाहेर आल्यावर भाऊंनी निकाल लावून टाकला. "हाच तो. काम जाणार म्हणून डूख धरला."

"आणि टाक्या मारून काम राहिलं का त्याचं?"



आबा फाटकाशी निघण्याच्या तयारीत होते. "अभिमनभाऊ, आज भरीत शे घर. बाईंना घेऊन या. नई म्हणू नका."

बाई नेहमी असल्या आमंत्रणाला कारण सांगून कटायच्या. आज त्या म्हणाल्या, "येतो ना. भाऊंनी तुमच्या भरिताचं इतकं ऐकवलंय." भाऊंनी चमकून पाहिलं. त्यांनी एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

*

आबांचं शेत यावलच्या पुढे, चोपड्याच्या वाटेवर. दोन्ही बाजूंना केळीच केळी. खळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ करून वांगी भाजत घातली होती, त्या वासाने भाऊंची भूक खवळली.

ऊन कलायला आलं होतं. विहिरीजवळ निळं प्लास्टिकचं पिंप होतं. त्यावर आडवी काठी, काठीला फडक्याची पोटली, अर्धी पाण्यात बुडालेली. पाणी मोरपंखी निळं.

"हे काय, आबा? देवाला बांधलंय?" भाऊंनी गंमत केली.

आबा मनापासून हसले. "एसटीवाला तो एसटीवालाच! मोरचूद शे तो. चुन्यात मिसळून केळीवर फवारतात, करप्याच्या रोगावर. तळाला टाकला की तसाच बसतो, दगडासारखा. पोटलीत बांधून वर टांगला की आपोआप उतरतो पाण्यात. मना बाप असाच करे."

"काठी लाकडाची कशाला? तार नाही चालत?"

"लोखंड नई लागू द्यायचं त्याला. लोखंडावर तांबं चढतं, लाल होतं. आन् मोरचूद वाया जातो."

सुलक्षणाबाई केळीचे घड बघत पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

घरात गेल्यावर भिंतीवर खुंटीला एक इवलासा गणवेश टांगलेला दिसला. निळा पिनाफोर, पांढरा सदरा, खिशावर गावच्या शाळेचं चिन्ह. कोऱ्या कापडाचा वास अजून गेला नव्हता.

"नातीचा?" भाऊंनी कौतुकाने विचारलं.

"मेघाचा. आता टाक्या गयात, सारिका घर येईल. पोरीला इथेच शाळेत घालीन." आबांनी गणवेशाची घडी सारखी केली. "पण शिंपी काय माणूस शे! दिवाळीआधी कापड दिलं, तर परवा कुठे शिवून दिला."

जेवण असं झालं की बस्स. निघताना आबांनी भरिताचा डबा भाऊंच्या हातात कोंबला, अगदी पूर्वीसारखा. गाडीत बसल्यावर भाऊ म्हणाले, "काय देवमाणूस आहे हो!"

बाई काचेतून बाहेर बघत राहिल्या. 

*

सकाळी सगळे टाक्यांपाशी जमले. साहेब यायला अवकाश होता. तक्रारीचा कागद आणि पेन सारिकाच्या हातात होतं, खुशनुमाची नजर त्या पेनावर. फारुखभाई भिंतीला टेकून उभे होते, समाधान जाळीशी चाळा करत होता. आबा बियाण्याच्या टाकीच्या काठावर बसले होते.

"फारुखभाईंनी हे केलेलं नाही," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

खुशनुमाने सुस्कारा सोडला. बाईंनी हात वर केला.

"शेवाळाला तांबं कणभर लागतंच. त्याहून जरासं जास्त झालं की तेच विष. आधी वाढ थांबते, मग हिरवेपणा जातो, मग ते फुटून नासतं. म्हणजे शेवाळ खोटं बोलू शकत नाही. जिथे ते जगलं तिथे धातू नव्हता. भाऊ, बाहेरची हाळ आठवते?"

"म्हैस होती," भाऊ म्हणाले.

"आणि शेवाळ होतं. हाळेला पाणी बोअरचंच. म्हणजे बोअर स्वच्छ. मग कारखान्याचं पाणी जमिनीतून झिरपलं म्हणावं, तर भिंतीला चिकटलेली ही टाकी आधी मरायला हवी. ती जिवंत, लांबच्या तिन्ही मेल्या. आणि फारुखभाई तांबं अन् निकेल एकाच टाकीत धुतात. त्यांचं पाणी आलं असतं तर निकेलही आलं असतं. अहवालात निकेल नाहीच. नालीतलं शेवाळ त्यांनी मारलंय, त्याचा जाब त्यांना द्यावा लागेल. पण या टाक्या त्यांनी नाही मारल्या."

"मग तांबं आलं कुठून?" सारिकाने विचारलं.

"वरून. निळा गाळ आकड्याच्या बरोबर खाली आहे. शेवाळासाठी पाण्यात सोडा घातलेला असतो; त्यात तांबं लांब जायच्या आधीच बरंचसं तळाला बसतं. कोणीतरी आकड्याला काहीतरी टांगलं होतं. आणि ज्याला रंग उडालेलं लोखंड लागलं, त्याने त्यावर तांबं चढवलं. मोरचूद. तांब्याचाच क्षार, पोटलीत बांधलेला."

अभिमनभाऊंना कालचं निळं पिंप आठवलं. ते आबांकडे बघायला तयार नव्हते. "बाई," ते म्हणाले, "मोरचूद दुकानात कोणालाही मिळतो."

"मिळतो. पण कोणीही पुडा फोडून टाकीत ओतेल आणि पळेल. पोटली बांधून, टांगून, सावकाश विरघळू देणं हे केळीच्या बागेत हात बसलेल्या माणसाचं काम. समाधान, या तिघी शिरपूरला गेल्या होत्या तेव्हा बाहेरचं कोणी आलं नाही म्हणालास. घरचं?"

समाधानने कान खाजवला. "घरचं म्हणजे... आबा आले होते. दोन्ही दिवस. पण आबा काय, ते येतातच."

 सारिका हसली, अगदी खरं हसली. "ताई, काहीतरीच! आबा? त्यांनी कशाला?"

"मेघाचा गणवेश शिवलाय त्यांनी, गावच्या शाळेचा. कापड दिवाळीआधी दिलं. शिरपूरचं दसऱ्यालाच ठरलं होतं, पेढे वाटून झाले होते. टाक्या दिवाळीनंतर गेल्या. तू घरी परत येशील हे दिवाळीआधी फक्त एकाच माणसाला माहीत होतं."

सारिकाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. "आबा?"

आबांची बोटं काठावरच्या सिमेंटच्या पंज्यात होती. "आकडे चंदेरी व्हतात," ते पुटपुटले. "माले स्टीलना वाटनात."

भाऊंना त्या क्षणी इतकी चीड आली की डोकं भणभणलं. त्यांना अजून वाटत होतं म्हातारा नाही म्हणेल, भांडेल, बाईंना चार शब्द सुनावेल. आणि हा आकडे स्टीलचे वाटले, लोखंडाचे नाही, असं सांगत बसला!

"पोऱ्या गया," आबा म्हणाले. "तू आन् मेघा दोन्हीजनी शिरपूर चालनी गयात, ते मी एकला कसा ऱ्हाऊ? माले वाटनं, हे गयं की तू घर येशी. बस. कोनं वाईट नई कराना व्हता."

"कोणाचं नाही?" फारुखभाईंचा आवाज कधी नव्हे तो चढला. "माझ्या स्टुलावर बसून माझा चहा पीत होतास तू, झुलालभाऊ. रोज. लोक माझ्या दारावर थुंकत होते आणि तू बशी फुंकत होतास."

"मी तुन्हं नाव नई लिधं, फारुख. एकदाबी नई."

"नाही घेतलंत," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "काल मी विचारलं तेव्हा फारुखभाईंनी केलं असं तुम्ही म्हणाला नाहीत. पण त्यांनी नाही केलं, असंही म्हणाला नाहीत. तेवढ्यावरच कारखान्याला सील लागत होतं."

फारुखभाईंनी तोंड फिरवलं. खुशनुमाने त्यांचा हात धरला.

सारिका टाकीजवळ आली. तिने त्या पंज्याकडे पाहिलं आणि आबांच्या बोटांकडे.

"ही टाकी का सोडलीत?"

आबांनी पंज्यावरची बोटं मागे घेतली.

"मारायच्या तर चारही मारायच्या. बियाणं राहिलं की मी परत उभी राहणार, हे तुम्हाला माहीत होतं. मग ही का सोडलीत, आबा?"

"त्याना हात शे तो," आबा रडत म्हणाले. "माले हात नई लागना तिले."

"त्यांचा हात जपलात," सारिका म्हणाली. ती रडत नव्हती. "बाकीच्या तिन्ही मी बांधल्या होत्या. सिमेंटने सालटं गेली होती माझ्या हातांची, तुम्हीच हळद लावली होती. ते हात तुमच्या कोणाचेच नव्हते का?"

 

तिने तक्रारीचा कागद उभा फाडला आणि खुशनुमाच्या हातात दिला. मग आबांपुढे हात पसरला.

"किल्ली."

"सारिका, बेटा..."

"किल्ली द्या, आबा."

म्हाताऱ्याने करदोड्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. भाऊंना वाटलं कोणीतरी पुढे व्हावं. कोणी झालं नाही. शेवटी किल्ली सुटली.

"बियाणं किती दिवसांत वाढेल?" सारिकाने खुशनुमाला विचारलं.

"थंडी आहे. जरा वेळ लागेल," खुशनुमा डोळे पुसत म्हणाली. "पण वाढेल."

"मग ठरल्याप्रमाणे होळीनंतर जाऊ."

मोरचुदाचं नाव कागदावर घालायचं की नाही, ते तुझ्यावर, असं बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "साहेबांना मी सांगेन, की कारखान्याचा दोष नाही. घरात घडलं. पुढचं नका विचारू मला."

*

आबांना स्टँडवर सोडायचं काम भाऊंकडेच आलं. बाई साहेबांची वाट बघत मागे थांबल्या.

गाडीत पुढच्या सीटवर कालचा डबा होता. काल रात्री घरी नेऊन सकाळी भाकरीशी खायचा, असा भाऊंचा बेत होता, पण तो गाडीतच राहिला होता. ही ओळख किती वर्षांची! या माणसाच्या लेकासाठी त्यांनी उपास केला होता. आणि काल याच माणसाने मोरचूद कसा विरघळतो ते हसत हसत त्यांना शिकवलं होतं, कारण समोरचा एसटीवाला काही ओळखणार नाही याची त्याला खात्री होती. भाऊंना सगळ्यात जास्त तेच लागलं.

आबा धोतराचा सोगा सावरत गाडीजवळ आले आणि सवयीने पुढच्या दाराला हात घातला. डबा उचलून मांडीवर घ्यायला वाकले.

"अभिमनभाऊ, तुम्ही तरी समजून घ्या..."

अभिमनभाऊंनी चावी फिरवली. समोरच्या काचेकडे बघतच ते म्हणाले, "मागे बसा, आबा."